हार्ड डिस्कचं एनसीक्यू चालू केल्याने कॉम्प्युटरचा वेग खरंच वाढतो का?

तुमच्या जुन्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आयडीई मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची जुनी पद्धत आहे; तो बदलून एएचसीआय ही नवी पद्धत करावी का, असं तुम्ही विचारलंय. एनसीक्यू, म्हणजे आलेल्या कमांडचा क्रम डिस्कने स्वतः लावायची सोय, एएचसीआय असेल तरच चालते. दुकानदार म्हणतो, एनसीक्यू म्हणजे नुसतं मार्केटिंग. हेच मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तिथला सर्व्हर म्हणजे साधा डेस्कटॉपच. विंडोज एक्सपी, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) एक साटा हार्ड डिस्क. सकाळी एकच काउंटर उघडा असेपर्यंत सगळं सुरळीत. पिग्मी एजंट भरणा घेऊन आले, बाकीचे काउंटर सुरू झाले की पासबुकची एक एंट्री निघायला खातेदार ताटकळायचे. संगणक पुरवणाऱ्याने रॅम वाढवायला लावली. फरक शून्य. मग म्हणाला, नवा सर्व्हर घ्या.

मी परफॉर्मन्स मॉनिटर उघडला. सीपीयू जवळजवळ रिकामा, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आणि डिस्क क्यूचा (खोळंबलेल्या कमांडच्या रांगेचा) आलेख वर चढत चाललेला. बायोसमध्ये आयडीई मोड. कारण उघड होतं: एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसायचा, इन्स्टॉल करताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा. तो त्रास टाळला होता.

७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो सेक्टर (डेटाचा तुकडा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर हेड सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम ७५-८०. एनसीक्यू असेल तर डिस्क ३२ पर्यंत कमांड हातात धरते आणि स्वतःच्या सोयीने क्रम लावते. सेक्टरच्या आकड्यांवरून क्रम ऑपरेटिंग सिस्टीमही लावते, पण तबकडी या क्षणी फिरून कुठे आली आहे हे फक्त डिस्कलाच कळतं. सगळा फायदा त्यातच आहे.

रविवारी बॅकअप घेतला, आधी ड्रायव्हर बसवला आणि मगच मोड बदलला. उलटं केलं असतं तर ०एक्स७बी या एररची निळी स्क्रीन ठरलेली. सोमवारी गर्दीच्या वेळीही काउंटर अडले नाहीत. क्यू बनत होता, पण उपसला जात होता. आणि पुरवठादार संचालकांना सांगतो, "बघा, रॅमचा गुण आला!" रॅम तर कधीचीच बसली होती. हे मला आजही पटत नाही.

आता तुमचं. घरी एकटा माणूस वापरत असेल तर क्यूमध्ये एक-दोनच कमांड असतात, त्यामुळे फरक फारसा जाणवणार नाही. मोठी फाइल कॉपी करताना तर नाहीच. काही जुन्या डिस्कवर सलग वाचन उलट किंचित मंदावायचं. लिहिताना राइट कॅशे (लिहायचा डेटा तात्पुरता धरणारी मेमरी) बरंचसं काम आधीच करतो, खरा लाभ वाचनात. एसएसडी टाकणार असाल तर मात्र एएचसीआय हवंच, ती एकाच वेळी अनेक कमांड खरोखर समांतर चालवते. विंडोज १० असेल तर आधी सेफ मोड लावा, मग बायोस बदला, नाहीतर मशीन बूट होणार नाही.

आणि दुकानदाराला लिनक्स लावून दाखवा. त्याच डिस्कची क्यू डेप्थ (डिस्कने एकावेळी किती कमांड धरायच्या तो आकडा) एकदा १ ठेवा, एकदा ३१, आणि दोन्ही वेळा अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) रँडम रीडची, म्हणजे विखुरलेल्या वाचनाची चाचणी चालवा. आकडे त्यालाच वाचायला लावा.