‘ताप डोक्यात जाईल का?’ : चार बाटल्या, एक ड्रॉपर आणि तिसऱ्या दिवसाचा ताप

“औषध देतोय, तरी ताप उतरत नाही. डोक्यात गेला तर?” तान्ह्या बाळाचे आईवडील समुपदेशनाला बसले की हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांतच येतो. या घरातही तोच होता, फक्त विचारताना आईचा आवाज कापत होता.

जुलैचे दिवस. मुलगी दहा महिन्यांची, वजन ८ किलो, तापाचा तिसरा दिवस. सोबत आई आणि आजी. वडील रात्रपाळी संपवून तसेच दवाखान्यात आलेले. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, लघवीची तपासणी सांगितली, आणि नमुना मिळेपर्यंत सगळे समुपदेशनाच्या खोलीत बसले. बाळाच्या अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायांत मोजे, वरून जाड दुपटं. कपाळावरच्या रुमालाला कोलन वॉटरचा वास येत होता. “काल रात्री एकशे तीन होता हो. दर दहा मिनिटांनी बघत होतो,” आजी म्हणाल्या.

आधी डोक्यात जाण्याचं बघू. जंतुसंसर्गाच्या तापात शरीराचं तापमान मोकाट सुटत नसतं. मेंदूतलं तापमान ठरवणारं केंद्र स्वतःच काटा वर सरकवतं, आणि त्याला वरची मर्यादाही असते. असा ताप १०६ अंश फॅरनहाइटच्या पुढे क्वचितच जातो. मेंदूला उष्णतेनंच इजा व्हायला तापमान त्याहून बरंच वर, १०७-१०८ च्या पलीकडे जावं लागतं, आणि ते बहुधा उष्माघातात घडतं: बंद गाडीत राहिलेलं किंवा कडक उन्हाळ्यात पांघरुणात गुंडाळलेलं बाळ. मेंदुज्वरात मेंदूला इजा होते ती संसर्गामुळे. ताप हे तिथं फक्त लक्षण. म्हणून १०३ हा आकडा एकटा घाबरवण्यासारखा नाही. त्या आकड्याखाली बाळ कसं आहे, हे बघायचं.

हे ऐकून आई जरा सैल झाली आणि तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. चार बाटल्या निघाल्या. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सची संपलेली छोटी बाटली. पॅरासिटामॉलचं सिरप, आणि त्यात बुडालेला मघाच्या ड्रॉप्सचा ड्रॉपर. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं एक सिरप. आणि शेजारच्या ताईंनी दिलेलं मेफेनॅमिक ॲसिड या ताप-दुखीवरच्या औषधाचं, झाकणाशी चिकट झालेलं.

ताप का उतरत नव्हता, ते या टेबलावरच दिसत होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी ड्रॉप्स १.२ मिलि लिहून दिले होते. पहिल्या रात्री ड्रॉप्स संपले, वडिलांनी मेडिकलमधून ‘तेच औषध’ मागितलं आणि सिरप मिळालं. आईनं जुन्याच ड्रॉपरनं तेच १.२ मिलि दिलं. औषध तेच, पण पातळ. हिशेब असा: पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. ८ किलोच्या बाळाला १५ नं धरलं तर १२० मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये १ मिलित १०० मिलिग्रॅम असतं, म्हणून १.२ मिलि. या सिरपमध्ये ५ मिलित १२० मिलिग्रॅम होतं, म्हणजे अख्खे ५ मिलि हवे होते. १.२ मिलि सिरपमधून बाळाच्या पोटात गेलं जेमतेम २९ मिलिग्रॅम, हव्या त्या औषधाचा चौथा हिस्सा. आणि ५ मिलित २५० मिलिग्रॅमचं सिरप मिळालं असतं, तर माप झालं असतं २.४ मिलि.

एका सिरिंजमध्ये १.२ मिलि पाणी भरलं, दुसरीत ५ मिलि, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. वडील बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे उलटं झालं असतं तर?” हा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि या सगळ्यातला महत्त्वाचा प्रश्न तोच. सिरपचं माप लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्स ५ मिलि पाजले, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. दिवसातून चार वेळा असं झालं तर यकृतावर बेततं. त्यातही फसवं हे की, पहिला दिवसभर बाळ ठीक दिसू शकतं. असं चुकून झालंच तर उलटीची वाट बघू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. म्हणून आम्ही प्रत्येक घराला सांगतो: चिठ्ठीवर नुसतं ‘मिलि’ असेल तर डॉक्टरांकडून बाजूला मिलिग्रॅम लिहून घ्या, बाटलीवर ‘५ मिलित किती’ ते वाचा, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीत घालू नका. घरातला चमचा माप म्हणून वापरू नका. स्वस्तात मिळणारी सुईशिवायची सिरिंज सर्वांत भरवशाची. ती गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू रिकामी करायची.

या घरात पुढची पायरी अशी झाली: ताप उतरेना, म्हणून औषध ‘लागू पडत नाही’ असं ठरलं, आणि आजींनी दुपारी मिश्र सिरप दिलं. आईला ते ठाऊक नव्हतं. तिनं संध्याकाळी तिच्याकडचं पॅरासिटामॉलचं सिरप दिलं. मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतंच, ते हिशेबात कुणी धरलं नाही. रात्री मेफेनॅमिकचा अर्धा चमचा. हा सगळा क्रम तिथंच कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवला. एकूण पॅरासिटामॉल धोक्याच्या आत निघालं, पण बाकीच्या दोन बाटल्या त्यांनी बंद करायला सांगितल्या. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सहा महिन्यांखाली आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नाही. बाळ नीट पीत नसेल, जुलाब-उलट्या असतील तर या औषधांनी मूत्रपिंडांवर ताण येतो. निमेसुलाइड या तापाच्या औषधावर तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली असेल तर टाकून द्या. ॲस्पिरिनही मुलांना नाही.

घरी एकच औषध पुरतं: पॅरासिटामॉल, वजनावर मोजलेलं, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारहून जास्त वेळा नाही. परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि ताप साधारण दोन अंशांनी खाली येतो. १०३.५ चा १०१.५ झाला तर औषधानं काम केलं, ९८.४ वर यायलाच हवा असं नाही. बाळ १०१ वर खेळत असेल तर औषध द्यायची गरज नाही. झोपलेलं असेल तर औषधासाठी उठवू नका. दिल्या-दिल्या पंधरा मिनिटांत सगळं ओकलं तर एकदा पुन्हा द्या. अर्धा तास होऊन गेला असेल तर नको.

आजींचा जीव पट्ट्यांत अडकला होता. त्यांच्या पिढीत कोलन वॉटरची पट्टी हे मायेचं पहिलं औषध होतं, त्यामुळे ती काढा म्हणताना कारण नीट सांगावं लागतं. ताप चढताना मेंदूनं काटा वर नेलेला असतो, म्हणून बाळाला थंडी वाजते, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. अशा वेळी गार पाणी किंवा बर्फ लावला की शरीर आणखी कापतं आणि उष्णता वाढवतं. वरून बाळ बेजार. कोलन वॉटरमध्ये अल्कोहोल असतं, ते नाजूक कातडीतून आणि श्वासातून आत जातं. हुडहुडीपुरतं पातळ पांघरूण ठीक. ती थांबली की स्वेटर, टोपी, मोजे काढायचे, एक सुती झबलं पुरे, पंखा हळू. “मग मी काय करू?” आजींनी विचारलं. त्यांना काम दिलं: दर थोड्या वेळानं पाजणं. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा, मधे पेज, वरणाचं पाणी, मऊ भात. आणि शू मोजायची: सहा ते आठ तास लंगोट कोरडा राहिला तर दवाखाना.

ताप बघायचीही रीत आहे. डिजिटल थर्मामीटर, कोरड्या काखेच्या मधोमध टोक, हात अंगाशी धरून ‘बीप’ होईपर्यंत. घट्ट गुंडाळलेलं बाळ असेल तर आधी उघडून पंधरा मिनिटं थांबा. आकड्यात मनानं एक मिळवू नका. डॉक्टरांना ‘काखेत १०२’ एवढंच सांगा. दहा मिनिटांनी पुन्हा बघून काही कळत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो.

आत्याच्या मुलाला तापात आकडी आली होती, हे आईनं सर्वांत शेवटी, हळूच सांगितलं. भीतीचं मूळ तिथं होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात, बहुधा पहिल्याच दिवशी, कधी ताप कळायच्या आधीच. तापाचं औषध वेळेवर दिल्यानं ते टळतात असं दिसलेलं नाही, त्यामुळे ‘माझ्याकडून औषध राहिलं म्हणून’ असं स्वतःला लावून घेऊ नका. झटका आला तर बाळाला कुशीवर, खाली सपाट जागी ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांपर्यंत थांबला नाही तर १०८ ला फोन. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता ज्यासाठी मध्यरात्रही बघायची नाही, ते. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा वर ताप: घरी औषध न देता लगेच दवाखाना, बाळ हसत असलं तरी. तीन ते सहा महिन्यांत १०२ च्या पुढे गेला तर त्याच दिवशी. कुठल्याही वयात मलूल पडणं, उठवून न उठणं, दूध ओढायचं सोडणं, टाळू फुगणं, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडणं, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट: दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे ४० किंवा जास्त असेल तर वाट बघू नका. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जोखमीचे. ताप गेला आणि बाळ सुस्तावलं तर ते बरं होण्याचं लक्षण नाही.

एवढ्यात नर्सनं आईला आत बोलावलं. डायपरमधली लघवी चालत नाही. जागा पाण्यानं धुऊन, बाळ मांडीवर उघडं धरून, सुरुवातीची धार सोडून मधली निर्जंतुक डबीत झेलावी लागते. पाऊण तास गेला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, आणि तीन दिवस नुसताच ताप, म्हणून ही तपासणी. या वयात, मुलींमध्ये विशेष, लघवीचा संसर्ग असाच फक्त ताप होऊन येतो. दोन दिवस सगळ्यांचे डोळे थर्मामीटरवर होते. बाळ शू करताना कळवळतं, हे आजींना दिसलं होतं, पण ते सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. तपासणीत संसर्ग निघाला, प्रतिजैविक सुरू झालं.

जाताना आईला एक साधी वही करायला सांगितली: वेळ, ताप, औषधाचं नाव, किती मिलि, कुणी दिलं. पाचव्या दिवशी ती पाहिली. पहिल्या पानावर आईचं अक्षर: “रात्री २.१०. काखेत १०२.४. ड्रॉप्स १.२. मी दिले. ३ ला दूध प्यायली.” त्याखाली दुसऱ्या दिवसाची, आजींच्या मोठ्या अक्षरातली ओळ: “सकाळी ९. ताप १००.८. पेज खाल्ली, शू झाली, खेळते आहे. औषध दिलं नाही.”