सॉफ्टबॉलची कॅचर आहे, बेसबॉल कोच व्हायचंय, पण बाबा म्हणतात बी.पी.एड. कर

अमरावतीहून एका मुलीचं पत्र आलंय. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सहावीपासून सॉफ्टबॉल खेळते, पोझिशन कॅचर, म्हणजे पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) टाकलेला बॉल बॅटरच्या मागे बसून पकडणारी, आणि मागची दोन वर्षं युनिव्हर्सिटीकडून बेसबॉलही खेळली. तिला प्रोफेशनल बेसबॉल कोच व्हायचंय, जमलं तर अमेरिकेत. विचारते की सर मी भारताकडून कधी खेळले नाही तर मला कोच म्हणून कोण विचारणार, मुलगी म्हणून तिकडे काही चान्स आहे का, आणि बाबा म्हणतात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची डिग्री) कर आणि नोकरीला लाग, तर त्यांचं ऐकू का.

हे बघ बेटा, पहिला प्रश्न तू विचारलास ते बरं झालं, कारण मैदानावरची निम्मी पोरं याच गैरसमजात असतात की आधी मोठा प्लेअर व्हायचं आणि रिटायर झालं की आपोआप कोच. बेसबॉलमधे तरी असं होत नाही. चार्ली लाऊ नावाचा एक कॅचर होता, तुझ्याच पोझिशनचा, मेजर लीगमधली (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) त्याची बॅटिंग अ‍ॅव्हरेज .255, म्हणजे अगदी साधी. हाच माणूस पुढे कॅन्सस सिटीत जॉर्ज ब्रेटचा बॅटिंग कोच झाला आणि ब्रेट हॉल ऑफ फेममधे, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. लिओ मॅझोनी तर मेजर लीगमधे एक बॉलही टाकू शकला नाही, मायनर लीगमधेच, म्हणजे खालच्या लीगमधेच खेळणं संपलं, पण अटलांटा ब्रेव्हजचा पिचिंग कोच म्हणून 1990 ते 2005 टिकला आणि त्याचे पिचर कोण, तर मॅडक्स, ग्लॅविन, स्मोल्ट्झ, तिघंही हॉल ऑफ फेमवाले! आता तूच सांग.

पण ज्याचं करिअर नीट बघावं असं मला वाटतं तो टॉम हाऊस. डावखुरा रिलीफ पिचर (मॅचच्या मधे दुसऱ्या पिचरच्या जागी येणारा), फार फास्ट नाही, 1971 ते 1978 मेजर लीगमधे अटलांटा, बोस्टन आणि सिअ‍ॅटल अशा तीन टीम, एकूण 29 मॅच जिंकल्या 23 हरल्या. लोकांना तो आठवतो भलत्याच गोष्टीसाठी. 8 एप्रिल 1974 ला हँक आरनने 715 वा होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारून बेब रूथचा रेकॉर्ड मोडला तेव्हा तो बॉल अटलांटाच्या बुलपेनमधे (पिचर वॉर्मअप करतात ती जागा) याच्या ग्लोव्हमधे पडला आणि हा पळत पळत होमप्लेटपर्यंत जाऊन आरनला देऊन आला. एवढंच असतं तर क्विझच्या प्रश्नापुरता उरला असता.

त्याने पुढे काय केलं ते बघ. खेळणं संपल्यावर मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. पिचरच्या हाताची, खांद्याची, पायाची हालचाल कॅमेऱ्याने टिपून तिचा अभ्यास सुरू केला, आणि हे त्या काळात जेव्हा बाकीचे कोच डोळ्यांनी बघून आणि चार शिव्या हासडून शिकवत होते. 1985 ला टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच झाला. तिथे तो पिचरना वॉर्मअपला अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचा, कारण मोशन नीट नसेल तर तो लांबट बॉल सरळ फिरत जातच नाही, हवेत डगमगतो, म्हणजे चूक पोराला स्वतःलाच दिसते, कोचला ओरडावं लागत नाही. लोक हसले, पेपरवाल्यांनी खिल्ली उडवली. मग 1989 ला नोलन रायन त्या टीममधे आला, चाळिशी ओलांडलेला, आणि तोही मुकाट्याने फुटबॉल फेकायला लागला. रायनने 1991 मधे वयाच्या 44 व्या वर्षी सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमधे समोरच्यांना एकही हिट मिळाली नाही. पुढे टॉम ब्रेडी आणि ड्रू ब्रीजसारखे अमेरिकन फुटबॉलचे क्वार्टरबॅकसुद्धा (त्या खेळात बॉल फेकणारे) थ्रो सुधारायला हाऊसकडे यायला लागले.

आणि आपल्याशी याचं थेट कनेक्शन आहे बरं का. 2008 ला भारतात बेसबॉलचे पिचर शोधायला जी मिलियन डॉलर आर्म स्पर्धा झाली, त्यातून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, आयुष्यात बेसबॉल हातात धरलेला नाही, त्यांना लॉस एंजेलिसला नेऊन पिचिंग शिकवलं ते याच टॉम हाऊसने. काही महिन्यांतच, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या टीमने दोघांना साइन केलं. पण त्याच्या पुढचं पण वाच, कारण कौतुकाच्या पोस्टमधे ते नसतं. दिनेशला 2010 मधेच सोडलं, तो परत येऊन पुन्हा भाल्याकडे वळला. रिंकू बरीच वर्षं मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर टिकला, मग दुखापतींनी घेरलं आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमधे, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. मेजर लीगमधे दोघांपैकी कोणीच पोचलं नाही. खेळाडूचं तिकडचं आयुष्य हे असं असतं, आणि कोचचंही फार वेगळं नाही, कॉन्ट्रॅक्ट बरेचदा वर्षावर्षाचं, टीम हरली की मॅनेजर (बेसबॉलमधे मुख्य कोचला हेच म्हणतात) आणि त्याच्याबरोबर कोच घरी, खालच्या लेव्हलला पगार बेताचा आणि सहा महिने बसचा प्रवास. हे डोळ्यासमोर ठेवून ठरव.

आता मुलगी म्हणून चान्स. रेचल बाल्कोवेक हे नाव लिहून ठेव. ही कॉलेजला सॉफ्टबॉल खेळली, कॅचर होती! फिटनेस कोच म्हणून टीम्सकडे अर्ज केले तर उत्तर येईना, मग अर्जावर रेचलच्या ऐवजी 'रे' असं पुरुषी वाटेल असं नाव टाकलं तेव्हा फोन यायला लागले (आणि पलीकडे बाईचा आवाज ऐकून गार पडायला लागले ते वेगळं). ती थांबली नाही. स्पॅनिश शिकली, कारण मायनर लीगमधली किती तरी पोरं डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची असतात आणि त्यांच्याशी बोलताच येत नसेल तर शिकवणार काय. नेदरलँड्सला जाऊन शरीराच्या हालचालींवर दुसरी मास्टर्स केली. 2019 च्या शेवटी न्यूयॉर्क यँकीज टीमने तिला हिटिंग कोच म्हणून घेतलं आणि 2022 मधे त्यांच्या टॅम्पा टार्पन्स या मायनर लीगच्या टीमची ती मॅनेजर झाली. अ‍ॅलिसा नॅकन पण सॉफ्टबॉलवालीच. सॅन फ्रान्सिस्को जायंट्समधे इंटर्न म्हणून लागली आणि 12 एप्रिल 2022 ला मेजर लीगच्या मॅचमधे फर्स्ट बेस कोच (पहिल्या बेसजवळ उभं राहून पळणाऱ्याला सूचना देणारा) म्हणून मैदानात उभी राहिलेली पहिली बाई ठरली. दरवाजा उघडलाय, पण त्यातून आत गेलेल्या दोघींकडे मास्टर्स होती हे विसरू नकोस, नुसती खेळाची हौस नाही. आणि दोघी अमेरिकन आहेत, तुला त्यात व्हिसाची भानगड वेगळी.

म्हणून बाबांचं ऐक. त्यांनी सांगितलंय म्हणून नाही, तर टॉम हाऊस आणि बाल्कोवेक या दोघांचाही रस्ता अभ्यासातूनच गेलाय म्हणून. आणि तू तर अमरावतीची, शारीरिक शिक्षणासाठी नावाजलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुझ्या गावात, लोक लांबलांबून तिथे शिकायला येतात आणि तू तिथून पुण्या-मुंबईची स्वप्नं बघतेस! ग्रॅज्युएशन झालं की बी.पी.एड. कर, मग बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा स्पोर्ट्स सायकॉलॉजी जवळ ठेवून एम.पी.एड. कर, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंग डिप्लोमा त्या वर्षी कुठल्या खेळांसाठी आहे ते बघ. फक्त बी.पी.एड. म्हणजे नोकरी पक्की असं बाबांना वाटत असेल तर ते तसं नाही हे त्यांना प्रेमाने सांग, पीटी टीचरच्या जागा किती निघतात ते शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाऊन दोघांनी मिळून बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, तुझं सर्टिफिकेट त्यात बसतं का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आत्ताच विचारून ये, परीक्षा पास झाल्यावर नाही.

आणि कोचिंग आजपासून सुरू कर, डिग्रीची वाट बघू नकोस. तू कॅचर आहेस म्हणजे मैदानावर सगळ्या टीमकडे तोंड करून बसणारी एकटी तूच, पिचरचा खांदा कधी पडायला लागला हे कोचच्या आधी तुला कळतं. ते लिहायला लाग. एक वही घे, प्रॅक्टिस मॅचमधल्या प्रत्येक पिचची (म्हणजे टाकलेल्या प्रत्येक बॉलची) नोंद कर, कितवा बॉल, कुठे पडला, बॅटरने काय केलं, कितव्या पिचनंतर बॉल वर राहायला लागला. अमेरिकेत 15-16 वर्षांच्या पोराला बेसबॉलमधे दिवसाला 95 पिचेसच्या वर टाकू देऊ नये असं मार्गदर्शक तत्त्व आहे, मग पुढे विश्रांतीचे दिवस. आपल्याकडे तालुक्याच्या टूर्नामेंटला एकाच पोराकडून सकाळ-दुपार पिचिंग करून घेतात आणि त्याचा कोपर गेला की म्हणतात नशीब. तू मोजायला लागलीस तर निदान तुझ्या शाळेतली दोन पोरं वाचतील. अजून एक, सॉफ्टबॉलमधे पिचर खालून टाकतो, तुम्हा मुलींना 43 फुटांवरून, बेसबॉलमधे वरून आणि साडेसाठ फुटांवरून, तेव्हा सॉफ्टबॉलचं पिचिंग येतं म्हणजे बेसबॉलचं शिकवता येईल असं समजू नकोस, ते वेगळं बसून शिकावं लागेल. मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा आहेच, हाऊसला ज्यासाठी खटपट करावी लागली ते तुझ्या खिशात आहे.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे बेसबॉल-सॉफ्टबॉल परत येतंय, मेजर लीगने दिल्लीत ऑफिस उघडून शाळांमधे प्रोग्राम चालू केलेत, त्यामुळे इथेच शिकवणारी माणसं लागतील, मग अमेरिका पहिली पायरी नसून तिसरी-चौथी असली तरी बिघडत नाही. तिकडे जायचंच असेल तर युनिव्हर्सिटीच्या मास्टर्सच्या रस्त्याने जा, तिथल्या कॉलेज टीमबरोबर असिस्टंट म्हणून काम मिळवायचा प्रयत्न कर.

आणि तुझ्या पत्राच्या शेवटी ते जे लिहिलंयस ना, कोणीतरी अडीच लाख भरले की अमेरिकेत ट्रायल आणि कोचिंग सर्टिफिकेट दोन्ही करून देतो म्हणाला, त्याला एक रुपया देऊ नकोस. रिंकू-दिनेशला नेलं तेव्हा पैसे स्पर्धावाल्यांनी दिले होते, पोरांनी नाही. त्या माणसाचा नंबर बाबांकडे दे, पुढचं ते बघतील.