वर्गात पॉडकास्ट कसा वापरावा? मुलं ऐकतील का?

ऐकतात, पण अख्खा भाग लावलात तर दहाव्या मिनिटाला मागचा बाक पेंगतो. मी सातवीला ४-५ मिनिटांचाच तुकडा लावते आणि आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: 'बोलणाऱ्याचा आवाज कुठे बदलला?' मग कान टवकारतात. भाग घरूनच डाउनलोड करून न्या, शाळेच्या नेटवर विसंबू नका. छोटा स्पीकरही हवाच.

खरी मजा मुलांनी स्वतः करण्यात आहे. आमच्या पोरांनी आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशींची मुलाखत मोबाइलवर घेतली. पहिल्या खेपेला नुसता गलका! दुसऱ्यांदा मावशींना देवळाच्या ओट्यावर बसवलं. रेकॉर्डिंगच्या कापाकापीला संगणकावर ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. आपलंच 'अं… म्हणजे…' काढायला ती मुलं तेच रेकॉर्डिंग पाच-पाच वेळा ऐकत बसली. निबंध मात्र एकदाही परत वाचत नाहीत.