कापडी छपराची गाडी घेतोयस? आधी छप्पर बघ

भावा, घरात रोजची गाडी आहे ना? मग जुनी सॅन स्टॉर्म, म्हणजे ती कापडी छपराची भारतीय स्पोर्ट्स गाडी, घे बिनधास्त. फायबरची बॉडी, रेनॉचं इंजिन, दोन सीट. वजनाला हलकी, त्यामुळे साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना मजा येते. फक्त सुरुवातीला एवढं बघ:

१. छप्पर. इंजिनाच्या आवाजावर भाळून सौदा करू नकोस. छपरावर पाइपने पाणी सोड, मग सीटखालचं मॅटिंग उचलून हात लाव. ओल लागली किंवा कुबट वास आला तर भाव पाड. गाडी घेतल्यावर ओलं छप्पर घडी करून ठेवू नकोस, बुरशी धरते. मागची प्लास्टिकची काच घडीत चिरते, म्हणून मध्ये मऊ सुती कापड घाल.

२. टायर. नक्षी नवी दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. २३१८ म्हणजे टायर २०१८ च्या २३व्या आठवड्यात बनला. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होतात.

३. कागद. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरण झालेली हवी. नसेल तर विषय संपला.

नवीन पोरं पहिला खर्च सायलेन्सर आणि मोठ्या चाकांवर करतात. तू आधी ब्रेक आणि जुने रबरी होज बदल. आठवड्यातून एकदा चांगली फिरवून आण. नुसती जागेवर चालू करून बॅटरी नीट भरत नाही. सस्पेन्शन वगैरे नंतर बघू.

आणि सज्जनगडाला नेलीस तर सीटवर खाऊ ठेवू नकोस. माकडं कापड फाडतात.