देण्याची वही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दुकान धाकट्यावर सोपवून विधानसभेला उभं राहायचं म्हणतोस. "दुकानदाराला कोण मत देणार?" ही तुझी धास्ती. मला काळजी वेगळीच आहे, पण तिच्याकडे मी लिंकनच्या वाटेने येणार. शाळेच्या भिंतीवरचं, हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र विसर. ते त्याचं असल्याचा पुरावा नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकनही बाजूला ठेव. मी सांगतोय तो इलिनॉयमधल्या न्यू सेलम या खेड्यात गल्ल्यावर बसलेला, पंचविशीही न गाठलेला पोरगा.

1832 मध्ये तो राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि पडला. 13 उमेदवारांत आठवा. पण त्याच्या गावच्या 300 मतांपैकी 277 त्याला होती. गाव त्याला ओळखत होतं, गावाबाहेर त्याला कोण विचारतो!

मग विल्यम बेरीबरोबर भागीदारीत दुकान घेतलं. रोख जवळपास नाहीच, सगळा व्यवहार 'देईन' म्हणून लिहून दिलेल्या कागदांवर. बेरीला दारूचं व्यसन होतं म्हणतात, याला वाचनाचं. दुकान बसलं. 1835 मध्ये बेरी वारला आणि त्याच्या वाट्याचं देणंही याच्या गळ्यात आलं, सारं मिळून सुमारे 1,100 डॉलर. तो थट्टेने त्याला 'राष्ट्रीय कर्ज' म्हणे. बुडालेला माणूस रातोरात पश्चिमेकडे पसार झाला तरी नवल वाटू नये असा तो मुलूख. हा तिथेच राहिला आणि कित्येक वर्षं फेडत बसला.

पोटासाठी 1833 मध्ये पोस्टमास्तर झाला. टपाल टोपीत घालून लोकांच्या दारात नेऊन देई. जोडीला जमीनमोजणी. बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्यांना पटेल अशी साखळी ओढणारा माणूस किती मतं कमावतो, हे तुला कुठल्याही प्रचारसभेपेक्षा तलाठी चांगलं सांगेल. 1834 मध्ये तो निवडून आला. राजधानी व्हँडेलियाला जायला धड कपडे नव्हते, म्हणून एका ओळखीच्याकडून 200 डॉलर उसने घेतले आणि त्यातले 60 सुटावर घातले. पुढे सावकारांच्या तगाद्यात घोडा आणि मोजणीची साधनं लिलावात निघाली, तेव्हा एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन याला परत केली. असा शेजारी तुला आहे का, हे मनाशी तपासून बघ.

आता माझी काळजी. हाच माणूस 1837 मध्ये, रेल्वे आणि कालव्यांसाठी राज्याने सुमारे एक कोटी डॉलर कर्जाऊ उभारावेत म्हणणाऱ्यांत पुढे होता. प्रत्येक भागाला काहीतरी हवं होतं, प्रत्येकाला मिळालं. त्याच्या भागाला तर राजधानीच मिळाली, स्प्रिंगफील्डला. त्याच वर्षी देशभर बँका कोलमडल्या. कामं अर्धवट राहिली आणि पुढे राज्याला व्याजही भरवेना. न्यू सेलमच्या दुकानाचीच गोष्ट, फक्त आकड्यांपुढे शून्यं वाढलेली. 1840 मध्ये तर गणसंख्या, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, मोडून सरकारी बँक वाचवावी म्हणून हा सभागृहाच्या खिडकीतून उडी मारून बाहेर पडला. हजेरी आधीच लागली होती, उडी फुकट गेली! लोक बरीच वर्षं हसले असणार.

तो अप्रामाणिक नव्हता, म्हणून तर मला हे टोचतं. स्वतःचं 1,100 डॉलरचं देणं रात्रंदिवस डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस राज्याच्या कर्जावर हात वर करताना इतका मोकळा कसा झाला? मला वाटतं, त्या देण्यासाठी त्याच्या दारात कुणी उभं राहणार नव्हतं, म्हणून.

तुझं जाहीरनाम्याचं टिपण वाचलं. रस्ता, बाजारपेठ, सभागृह, पुतळा. पैसा कुठून येणार, याची एक ओळ नाही.

रविवारी ये, सविस्तर बोलू. येताना दुकानाची वही आण. येणं लिहिलेली नको, देणं लिहिलेली.

तुझा,
काका