लालुबी म्हणजे लुमुंबाच का?

प्रश्न : फिल्म सोसायटीत 'ब्लॅक जीझस' हा जुना इटालियन चित्रपट पाहिला. त्यातला कैदेतला आफ्रिकी नेता लालुबी म्हणजे काँगोचा लुमुंबाच ना? सगळं असंच घडलं होतं का?

उत्तर : माणूस तोच, स्वतंत्र काँगोचा पहिला पंतप्रधान, पण पार धुऊन-पुसून घेतलेला. चित्रपट १९६८चा. नाव बदलल्यावर दिग्दर्शक व्हालेरिओ झुर्लिनीला मोकळं रान मिळालं. त्याचा लालुबी अहिंसा शिकवतो, छळ सोसतो, कोठडीतल्या चोराला धीर देतो. म्हणजे सरळ ख्रिस्तच.

पॅट्रिस लुमुंबा आधी पोस्टात कारकून, मग लिओपोल्डव्हिलमध्ये (आजचं किन्शासा) बिअरचा विक्रेता. बोलण्यात पटाईत. ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्याच्या सोहळ्यात बेल्जियमचा राजा समोर बसलेला असताना त्याने वसाहतीतल्या अपमानांचा पाढा वाचला. हा माणूस चित्रपटात कुठे आहे? मला खटकतं ते हेच. संत मारला गेला की एका क्रूर कमांडरवर खापर फोडून मोकळं होता येतं. काँगोच्या कटांगा प्रांतातल्या तांब्याच्या खाणी आणि तो प्रांत फुटला तेव्हा बेल्जियमने त्याला दिलेला टेकू, हे सगळं चौकटीबाहेर राहतं. प्रत्यक्षात १७ जानेवारी १९६१ रोजी लुमुंबाला म्पोलो आणि ओकितो या सहकाऱ्यांसह विमानाने कटांगातच नेलं आणि त्याच रात्री गोळ्या घातल्या. बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. पुढे एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने प्रेतं ॲसिडमध्ये विरघळवली. त्याने जवळ ठेवलेला लुमुंबाचा दात कुटुंबाच्या हाती पडायला २०२२ साल उजाडलं.

तरी वुडी स्ट्रोडसाठी चित्रपट बघावाच. ('स्पार्टाकस'मधला त्रिशूळ आणि जाळं घेऊन लढणारा ग्लॅडिएटर, तोच हा.) इतिहास हवा असेल तर राऊल पेकचा २०००चा 'लुमुंबा' शोधा. पेक हैतीचा, पण लहानपणी काँगोत राहिलेला. त्याचा लुमुंबा चिडतो, घाई करतो. तो मला जास्त पटला.

प्रश्न : या प्रकरणात भारत कुठे होता?

उत्तर : अगदी मधोमध. सप्टेंबर १९६० पासून संयुक्त राष्ट्रांच्या काँगो मोहिमेचे प्रमुख होते आपले राजेश्वर दयाळ. पंतप्रधानपदावरून हटवलेल्या लुमुंबाच्या घराभोवती संयुक्त राष्ट्रांचा पहारा होता. तो निसटून आपल्या समर्थकांच्या स्टॅनलीव्हिल शहराकडे निघाला आणि सत्ता बळकावलेल्या लष्करप्रमुख मोबुटूच्या सैनिकांनी त्याला पकडला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी हात वर केले. दयाळांचं 'मिशन फॉर हॅमरशोल्ड' हे पुस्तक (हॅमरशोल्ड म्हणजे तेव्हाचे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस) एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा.