वेटसूट मापाचाच घ्या, पण हप्त्यांवर नको

रावेरच्या एका वाचकाचा प्रश्न: अंदमानात स्कूबाचा कोर्स केला, तेव्हापासून वर्षाला आठ-दहा डाइव्ह होतात. वीस मिनिटांत थंडी भरते. ५ मिमी जाडीचा तयार वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा, अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख) १३ हजारांना मिळतोय, मापाने शिवलेला ३ मिमीचा ३६ हजारांना. सुटाचं भाडं वाचेल म्हणून क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेऊ का? उंची सहा फूट, छाती ३६. घरी केळीबाग आणि चार म्हशी. केळीची कापणी सहा महिन्यांनी.

भाऊ, भाडं वाचेल हा मुद्दा आधी खोडून टाका. तारकर्लीला जा की अंदमानला, डाइव्हच्या दरात सहसा वेटसूट धरलेलाच असतो. म्हणजे ही खरेदी हौसेची. हौस करावी, मी अडवणार नाही, फक्त ती हौसेच्या पैशातून व्हावी.

आता थंडी. अंदमानचं पाणी २८ अंशांच्या आसपास, आपलं अंग ३७ अंशांचं. आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून नेतं. वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो, आणि तो जागचा हलला नाही तरच निओप्रीनचा, म्हणजे सुटाच्या फेसाळ रबराचा, उपयोग. तुमच्या बांध्याला भाड्याचा सूट उंचीला पुरला तर अंगात ढगळ होणारच. मग प्रत्येक हालचालीला आतलं कोमट पाणी बाहेर, गार पाणी आत. ५ मिमीचा सूटही ढगळ असेल तर हेच होईल, वर तरंगणं वाढेल म्हणून कमरेला शिसं जास्त बांधावं लागेल. तुमचा प्रश्न जाडीचा नाही, मापाचा आहे.

म्हणून १३ हजारांचा सूट मला तरी स्वस्त वाटत नाही. पण थेट ३६ हजारांवरही उडी नको. तयार सुटांमध्ये उंच-सडपातळ बांध्यासाठी वेगळं माप मिळतं, ते आधी घालून बघा. पायात प्लॅस्टिकची पिशवी घातली की पाय सरकन आत जातो. ओढताना नखं लावू नका, निओप्रीन फाटतं. मग कंबरेच्या खोलगट भागावर तळहात दाबा, तिथे पोकळी लागली तर पाणी साचणार. काखेत, जांघेत, मानेशी तसंच बघा. हात वर करा, उकिडवे बसा, खोल श्वास घ्या. कोरड्यात थोडा घट्ट वाटला तर चालेल, श्वास अडला तर तो सूट नको.

पैशाचं सांगतो. कार्डाचा हप्ता थकला की व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे जातं, वर्षाला ३६ च्या वर. आणि तुमचं मोठं उत्पन्न बागेत उभं आहे. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या बागा कशा आडव्या होतात, हे तुम्हाला मी काय सांगू? विम्याचे पैसे हप्त्याची तारीख बघून येत नाहीत. दुधाच्या पैशातून दरमहा ३ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा, कापणीपर्यंत १८ हजार होतील. तयार सूट बसला तर बहुधा तेवढ्यात भागेल. नाहीच बसला, तर पुढच्या लागवडीचा खर्च आणि घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला काढून, उरल्यातून १८ हजार घाला आणि खुशाल मापाचा शिवून घ्या.

मापं मात्र ऑर्डर द्यायच्या आठवड्यातच घ्या, दुसऱ्याच्या हातून, दोनदा. तेव्हाचं वजन आजच्यासारखंच असेल असं नाही.